भुतांचा जमाखर्च

भयपटातील दाराच्या बिजागरीला तेल घालणारा मनुष्य अद्याप जन्मास यावयाचा आहे. ज्या हवेलीत दिवाणजी आहेत, कंदील हाती घेऊन रात्री-अपरात्री बागेत कारणावाचून हिंडणारा माळी आहे, पांढरे केस मोकळे सोडून जिन्याच्या वळणावर उभी राहणारी व विचारल्या प्रश्नाचे कधीही सरळ उत्तर न देणारी वृद्ध दासी आहे, आणि एवढा नोकरवर्ग पिढ्यानुपिढ्या पोसण्याइतके इनामी उत्पन्नही आहे, त्या हवेलीत छटाकभर गोडेतेल खर्ची घालून बिजागऱ्या मऊ करण्याची तजवीज कोणीच करू नये, ही गोष्ट जमीनदारीच्या ऱ्हासाची कारणमीमांसा करणाऱ्या इतिहासकारांनी अवश्य विचारात घ्यावी. तेलाचा तुटवडा म्हणावा, तर तीही सबब टिकत नाही. कारण त्याच हवेलीच्या तळघरात, जेथे दोनशे वर्षांत मनुष्याचे पाऊल पडलेले नाही असे पाचच मिनिटांपूर्वी आपणास बजावून सांगितलेले असते, तेथे भिंतीवरच्या मशाली ढणढण जळत असतात. सारांश, तेल आहे. ते मशालींकडे वर्ग झालेले आहे.

पंचांगाचीही हीच दशा. पुजारीबुवा थरथरते बोट आकाशाकडे करून आज अमावास्या असल्याचे जाहीर करतात, आणि दुसऱ्याच क्षणी नायिका गवताचे पाते न् पाते मोजता यावे अशा निळ्याशार चांदण्यातून स्मशानाची वाट चालू लागते. बिचारा छायालेखक तरी काय करणार? जुन्या काळची फिल्म मंददृष्टी. खऱ्या काळोखात तिला काहीच दिसत नसे आणि रात्री रानात दिव्यांचा सरंजाम उभा करावा तर निर्माता अंथरुणाला खिळे. म्हणून कित्येकदा भर दुपारीच चित्रण उरकून, भिंगातून आत येणारा प्रकाश आखडता घेऊन, वर निळ्या रंगाचा हात फिरवून रात्र सिद्ध केली जाई. घड्याळात बाराचे टोले पडतात, चित्रण चालू असतानाही बाराच वाजलेले असतात, आणि नायिकेच्या पायाशी चिकटून बसलेली आखूड सावली ते बारा कोणते याची निमूटपणे साक्ष देते. नायिकेच्या हातातील मेणबत्ती तर स्वतंत्र चौकशीस पात्र आहे. तिने दिवाणखाना या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळून निघतो, झुंबराचे लोलक चमकतात, तसबिरीतील पूर्वजांच्या मिशा स्पष्ट दिसतात. आणि पुढच्या खेपेस जरा नीट पाहिले, तर नायिकेच्या मागल्या भिंतीवर नायिकेच्या सावलीशेजारीच मेणबत्तीचीही सावली पडलेली आढळते. दिव्याखाली अंधार असतो हे आपण पिढ्यानुपिढ्या ऐकत आलो. दिव्याची सावली दाखविण्याचा मान मात्र भयपटाचा. खरा दिवा अर्थात कॅमेऱ्याच्या अंगास उभा असतो आणि मेणबत्ती केवळ त्याची मुखत्यार असते.

आता मौज अशी की, ही सारी ढळढळीत लबाडी उघड्या डोळ्यांनी पाहणारा, तिकिटाचा अर्धा तुकडा खिशात जपून ठेवणारा, आयकर वेळेवर भरणारा प्रौढ गृहस्थसुद्धा त्या दाराने कर्र केले की दोन्ही पाय खुर्चीवर ओढून घेतो. याचे कारण माझ्या मते एवढेच की, भयपटाचा दिग्दर्शक भीती तयार करीतच नाही. तो ती आपल्याकडून वेठीने करवून घेतो. पूर्वी साहेबाची स्वारी मुक्कामास आली म्हणजे गावकऱ्यांनी लाकूडफाटा आणावा, ओझी वाहावीत, आणि मजुरीचे नाव काढू नये, असा रिवाज होता. दिग्दर्शक त्याच थाटात पडद्याचा अर्धा भाग रिकामा ठेवतो, नायिकेला एका कडेस उभी करतो आणि स्वस्थ बसतो. रिकामी जागा भरण्याचे काम आपले. मग लहानपणी आजोळच्या पिंपळावर राहणारा मुंजा, विहिरीतील आसरा, मुंबईच्या बिऱ्हाडी औषधोपचारास म्हणून आलेली व भिंतीशी बोलत बसणारी कोणाची तरी लांबची मावशी, असा जो काही खाजगी माल आपल्या गाठी असेल तो आपण मुकाट्याने त्या कोपऱ्यात नेऊन ओततो. वेठीला जुन्या काळी निदान तिकीट नव्हते.

या वेठीचा चोख कायदा लिहिला गेला तो १९४२ साली हॉलिवूडच्या आर.के.ओ. या कंपनीत. ऑर्सन वेल्स नामक अलौकिक तरुणाच्या कलाप्रेमाने कंपनीची तिजोरी खालावली होती. तेव्हा स्वस्तातली भुते काढून तूट भरून काढावी या हेतूने व्हॅल ल्यूटन यांची नेमणूक झाली. त्यांस मिळालेली कलमे मोठी रोखठोक होती: खर्च दीड लाख डॉलरच्या आत, लांबी सव्वा तासाच्या आसपास, आणि चित्रपटाचे नाव कचेरीतून येईल ते. आमच्याकडे बारसे करावयाचे तर पाळण्यात मूल असावे लागते. येथे नाव आधी ठेवून मग त्या नावास शोभेल असे अपत्य जन्मास घालावयाचे होते. कचेरीने ‘कॅट पीपल’ हे नाव धाडले. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक टर्नर यांनी ते निमूट स्वीकारले, वेल्स यांच्याच ‘द मॅग्निफिसंट अँबर्सन्स’साठी उभारलेला भव्य जिना तयारच पडला होता, तो वापरास घेतला, आणि न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या, मूळच्या सर्बियातील एका तरुणीची कथा रचली, जिची अशी श्रद्धा असते की मनोविकार अनावर झाले म्हणजे आपण बिबळ्यासारखे हिंस्र श्वापद होऊ. आता बाईचे श्वापद करून दाखवावयाचे तर केसाळ मुखवटे आले, रंगभूषाकारांचे दिवसच्या दिवस आले आणि शेवटी प्रेक्षकांचा हशा आला. त्यापेक्षा काळोख स्वस्त. दिवे न लावल्याचे बिल कोणी पाठवीत नाही.

त्या चित्रपटातील एक प्रसंग मात्र मी दर वेळी, गुन्ह्याच्या जागेचा पंचनामा करावा तशा बारकाईने पाहतो. ॲलिस नावाची तरुणी रात्री उद्यानाच्या उंच दगडी भिंतीलगत एकटीच घरी चालली आहे. रस्त्याच्या कडेला दिव्यांचे खांब आहेत, आणि प्रत्येक खांबाखाली उजेडाचे वर्तुळ व दोन वर्तुळांमध्ये काळोख अशी मांडणी आहे. मागून ती दुसरी, सर्बियाची तरुणी, येते आहे. संगीताचा एक सूर नाही. ऐकू येतात ती उंच टाचांची टकटक करणारी दोन जोडी पावले, एक जोडी सावकाश, दुसरी किंचित उतावीळ. कॅमेरा कधी हिची पावले दाखवतो, कधी तिची. मग एकदा काळोखात शिरलेली ती दुसरी पुढच्या उजेडात निघतच नाही. तिची टकटक थांबली आहे. ॲलिस चपापते, वळून पाहते, रस्ता रिकामा असतो. ती भरभर चालू लागते, मग जवळजवळ धावते, आणि एका खांबाला धरून उभी असताना एकाएकी कर्णकर्कश फिस्कार ऐकू येऊन आपण खुर्चीतून उडतो, तो काय, समोर बस येऊन उभी राहिलेली असते! डरकाळी समजून आपण ज्याला दचकलो तो बसच्या ब्रेकचा आवाज. श्वापदाने केस दाखविला नाही, नखाचा खर्च झाला नाही, आणि तरी संकलक मार्क रॉबसन यांनी आवाजाची ती एक पाचर अशा नेमक्या जागी ठोकली की पुढे ल्यूटन यांच्या मंडळींत असल्या प्रत्येक दचक्यास ‘बस’ असेच म्हणू लागले. आमच्या एस.टी.च्या थांब्यावर हे तंत्र लागू पडणे कठीण. रात्री दहानंतर थांब्यावर एकाएकी बस उगवली, तर मनुष्य किंकाळी फोडावयाच्या ऐवजी तिला नमस्कारच करील.

पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगी भिंतीवर हलणारी श्वापदाची सावली टर्नर यांनी दिव्यापुढे स्वतःची मूठ धरून पाडली होती, असे सांगतात. पुढे वरिष्ठांनी आग्रह धरला की, जनतेस श्वापद दाखविलेच पाहिजे. तेव्हा नाइलाजाने एक पाळीव काळा बिबळ्या आणून तो एका कचेरीच्या मेजांमधून अंधूकसा फिरविण्यात आला. तो अत्यंत सज्जन दिसतो. एखादी फाईल शोधायला आला असावा असे वाटते.

दारिद्र्याने जो धडा ल्यूटन यांना दिला, तोच १९७४ साली नादुरुस्तीने स्टीव्हन स्पीलबर्ग यांना दिला. ‘जॉज’साठी केलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडे. त्याचे नाव ब्रूस. हे नाव दिग्दर्शकाच्या वकिलाचे होते, यात वकिली व्यवसायाची मानहानी आहे की गौरव, याचा निर्णय वाचकांनी आपापल्या अनुभवाने करावा. ५५ दिवसांत उरकावयाचे चित्रण १५९ दिवस चालले, आणि मासाच हजर नाही म्हटल्यावर त्याच्या जागी कधी पाण्याखालून पोहणाऱ्यांच्या पायांकडे रोखलेला कॅमेरा, कधी पाण्यावर आपोआप पळणारी पिवळी पिंपे, आणि सर्वत्र संगीतकार जॉन विल्यम्स यांचे ते दोन स्वर, एवढ्यावर कारभार हाकावा लागला. बदली कारकुनाने मूळ इसमापेक्षा काम चांगले केल्याचे हे एक दुर्मीळ उदाहरण.

स्वरांचा विषय निघालाच आहे तर सांगतो: भीतीचा खरा रस्ता कानातून जातो. परमेश्वराने डोळ्यांना पापण्या दिल्या, कानांना दिल्या नाहीत, ही त्रुटी भयपटवाल्यांनी फार लवकर हेरली. भयाण प्रसंगी प्रेक्षक दोन्ही हातांनी डोळे झाकतो (बोटांमधून आवश्यक तेवढी फट ठेवून), आणि कान सताड उघडे टाकून बसतो, म्हणजे चोर शिरणार त्या दाराला कुलूप नाही आणि गच्चीच्या दाराला दोन. याचा पडताळा आमच्या नानांनी मला दिला. नाना जिल्हा कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि ऐन उमेदीतच त्यांचे कान पार मंदावले. १९८४ साली ‘पुराना मंदिर’ लागला तेव्हा घरची सारी मंडळी त्यांना घेऊन थिएटरात गेली. पडद्यावर नायिका चाचपडत पावले टाकते आहे, वाद्यवृंद प्राण कंठाशी आणतो आहे, बाल्कनीतील बायका एकमेकींचे हात धरून बसल्या आहेत, अशा क्षणी सगळे सभागृह किंचाळले आणि त्या पाठोपाठ पसरलेल्या शांततेत नानांचा खणखणीत आवाज उठला: “अरे, ओरडता काय? बाईचा चष्मा हरवलाय, मघापासून शोधतेय!” त्यांच्या पुतण्याने कानाशी लागून सांगितले, “नाना, हळू बोला, मागे सैतान आहे.” नानांनी मागच्या रांगेकडे वळून पाहिले.

हिचकॉकसारख्या धूर्त माणसालाही हे कानाचे माहात्म्य पुरते उमगण्यास वेळ लागला, याचे मला समाधान वाटते. ‘सायको’तील स्नानगृहाच्या खुनाचा प्रसंग पाऊण मिनिटाचा, चित्रणास सात दिवस लागले, डझनावारी तुकड्यांची अशी चटणी केली की सुरा अंगात शिरताना आपण पाहिला असे आपण शपथेवर सांगतो, आणि पडद्यावर ते जवळजवळ दिसतच नाही. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वाहिला, कारण चित्रपट कृष्णधवल होता आणि कृष्णधवलात पाक रक्ताहून रक्तासारखा दिसतो. सुरा भोसकल्याच्या आवाजासाठी निरनिराळ्या जातींची खरबुजे मागवून ती एकामागून एक भोसकण्यात आली, आणि साहेबांनी डोळे मिटून ऐकून कासाबा जातीचे पसंत केले, अशी हकीकत आहे. मंडईत कलिंगडावर टिचकी मारून कान लावणाऱ्या आमच्या गृहिणींनी हेच काम अर्ध्या वेळात व घासाघीस करून केले असते. पण एवढे सगळे करून साहेबांचे फर्मान काय, तर या प्रसंगास संगीत नको! संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी ते फर्मान दप्तरी दाखल करून घेतले आणि केवळ तंतुवाद्यांची ती सुप्रसिद्ध किंचाळी रचून ठेवली. ती ऐकल्यावर साहेबांनी हुकूम मागे घेतला. वरिष्ठांच्या हुकमाची तामिली न केल्यामुळे काम सुधारल्याचे दाखले प्रत्येक खात्यात सापडतात, मात्र ते सेवापुस्तकात नोंदवीत नाहीत.

आपल्याकडची रीत अधिक सौम्य. आमच्या भुताने आधी गावे लागते. १९४९ साली कमाल अमरोही यांनी बॉम्बे टॉकीजसाठी ‘महल’ काढला, त्याचे छायालेखन जोसेफ विर्शिंग यांचे. हे गृहस्थ म्युनिकचे. ज्या जर्मनीत १९२२ साली मुर्नो यांच्या ‘नोस्फेराटू’तील पिशाच स्वतः न येता जिन्याच्या भिंतीवर केवळ आपली सावली पुढे धाडीत असे, त्या जर्मनीतून ते हिमांशू रॉय यांच्याबरोबर मालाडला आले होते. युद्धकाळात इंग्रज सरकारने त्यांना शत्रुपक्षीय म्हणून स्थानबद्ध केले. सुटून आल्यावर त्यांनी महालाच्या गवाक्षांतून, पडद्यांतून आणि झुल्यावरच्या मधुबालेवरून जो काळोख खेळविला, तो पाहता एवढा काळ त्यांनी साठवणच केली असावी. परंतु माझा आवडता तपशील ध्वनिमुद्रणाचा आहे. चित्रपटातील भुताचे गाणे दुरून जवळ येत असल्याचा भास हवा होता, आणि आवाज लांब-जवळ करणारी यंत्रे हाताशी नव्हती. तेव्हा मायक्रोफोन खोलीच्या मध्यावर ठेवून विशीतल्या लता मंगेशकरांना कोपऱ्यात उभे केले. त्यांनी सुरुवातीच्या ओळी गात गात हळूहळू चालत यावे आणि मुख्य चाल सुरू होते त्या क्षणी मायक्रोफोनपाशी पोहोचावे. सूर, ताल, शब्द, श्वास आणि शिवाय पायांखालची जमीन, इतक्या आघाड्या एकाच वेळी सांभाळून तो आत्मा पडद्यावर आला. आणि तबकडी निघाली तेव्हा तीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातील त्या भटकणाऱ्या स्त्रीचे! मयताच्या नावे सातबारा चालू राहिल्याची उदाहरणे आपल्याकडे विपुल आहेत; मयताच्या नावे तबकडी निघाल्याचे बहुधा हे एकच.

यानंतर रॅमसे बंधूंकडे वळताना मी आदराने उभा राहतो. वडील कराचीचे रेडिओ-व्यापारी, फाळणीनंतर मुंबईस आलेले; मुलगे सात. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ आपटला, पण त्यातील पृथ्वीराज कपूर विचित्र मुखवटा चढवून संग्रहालय लुटावयास जातात तेवढा प्रसंग पाहावयास लोक येतात, ही गोष्ट पोरांच्या ध्यानी आली. मग अख्खा चित्रपटच तसा का करू नये? वडिलांनी मुलांना विद्यालयात घालण्याऐवजी जोसेफ मॅसेली यांचा छायालेखनावरचा इंग्रजी ग्रंथ हाती दिला आणि काश्मीरच्या एका हाउसबोटीत त्याचे अध्ययन करविले; गुरुकुलपद्धतीचा एवढा रम्य प्रयोग शिक्षणखात्याला कधी साधला नाही. कुमार यांनी लेखन, गंगू यांनी कॅमेरा, किरण यांनी ध्वनी, अर्जुन यांनी संकलन, तुलसी व श्याम यांनी दिग्दर्शन, अशी सरंजामाची वाटणी झाली आणि १९७२ सालच्या ‘दो गज जमीन के नीचे’साठी सारे कुटुंब महाबळेश्वरास एका सरकारी विश्रामगृहात जाऊन उतरले. स्वयंपाक घरच्याच बायकांकडे. दिवसभर थडगे उकरून दमलेल्या प्रेताला संध्याकाळी वहिनींच्या हातची गरम पोळी मिळते, असे कौटुंबिक वातावरण युरोपातील कोणत्याही पिशाचाच्या नशिबी आले नसेल. महाबळेश्वरचे धुकेही फुकट. मुंबईत तेच धुके यंत्रातून काढून रोकड मोजावी लागते.

त्यांच्या तंत्राची टवाळी करणे फॅशनच आहे, आणि मीही वर केलीच. पण ल्यूटन यांनी जे झाकले ते रॅमसे बंधूंनी बेधडक उघडे करून दाखविले, आणि यात मला एक उदार लोकाभिमुखता दिसते. जत्रेतील तंबूत, जमिनीवर बसकण मारून, शेंगा सोलीत चित्रपट पाहणाऱ्याला काळोखातील सूचकता दाखवून काय उपयोग? तंबूच्या फटीतून येणाऱ्या उजेडात काळोखच दिसत नाही. त्याला सामरीसारखा राक्षस हवा, आणि तो धिप्पाड हवा. ‘पुराना मंदिर’मध्ये अनिरुद्ध अगरवाल यांनी ही गरज भागविली. शिक्षणाने ते अभियंता, आणि देहयष्टी अशी की चौकटीतून आत येताना भिंतीचीच चिंता वाटावी. शिवाय या मंडळींस जी अडचण होती ती हिचकॉकला ठाऊकच नव्हती. ‘सायको’ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडावयाचे नाही असा नियम त्यांनी करून घेतला. आपल्याकडे सुरू होऊन अर्धा तास झाला तरी टॉर्चवाला मंडळी बसवीतच असतो, आणि एवढ्यातून भीतीचे विरजण लागते न लागते तोच मध्यंतर होते. ताबूत उघडण्याच्या बेतात आहे, झाकणाखालून बोटे निघाली आहेत, आणि दिवे लागतात, बटाटेवड्यांचा वास येतो, शेजारचा इसम माचिस मागतो. पुढे पुन्हा पहिल्यापासून तापवावे लागते. म्हणूनच त्यांच्या चित्रपटांत उत्तरार्धाच्या तोंडाशी गाणे वा विनोदी नोकर येतो: तेवढ्यात लोकांचे हात पुसून होतात.

अलीकडचा ‘तुंबाड’ मला मनापासून आवडला. अनेक पावसाळे थांबून थांबून टिपलेला तो करडा, ओला उजेड कोणत्याही दिव्याने साधला नसता. फक्त माझ्यासारख्या कोकणच्या मनुष्याचे लक्ष त्यातल्या हस्तर नावाच्या राक्षसाऐवजी वाड्याच्या कौलांकडे जाते, आणि यंदा शाकारणी कोणी केली नाही या विचाराने पोटात गोळा येतो.

नाना आता नव्वदीला टेकले आहेत. नातवाने त्यांच्या दूरचित्रवाणीवर बहिऱ्यांच्या सोयीसाठी पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरे उमटण्याची व्यवस्था करून दिली आहे, आणि ही अक्षरे केवळ संवाद देऊन थांबत नाहीत. दार करकरते, दूर कुत्रे विव्हळते, तंतुवाद्यांचा ताण वाढतो, असा ध्वनीचा रोजनामाच ती लिहून काढतात, तोही पुष्कळदा प्रत्यक्ष आवाजाच्या अंमळ आधी. दचक्याची आगाऊ नोटीस मिळाल्यावर मनुष्य दचकणार कसा, असे मी धरून चाललो होतो. परवा गेलो तेव्हा नाना एकटेच एक चित्रपट पाहत बसले होते. पडद्यावर बाई चष्मा शोधावा तशी चालली होती. तळाशी अक्षरे उमटली, की पाठीमागे कोणाचा तरी श्वास ऐकू येत आहे. जन्मभर तोंडी तक्रारींस भीक न घालणाऱ्या नानांनी तो मजकूर चष्मा सावरून एकवार वाचला, हळूच मागे वळून पाहिले, आणि मला म्हणाले, “तू जरा इकडे समोर येऊन बस. आता हे लेखी आलंय.”